शेवरीचे काका

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुमचे केस गळतात का?

साताऱ्याहून भोपाळला येऊन मला चारच दिवस झाले होते. माती तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि तिथल्याच एका बाईंनी बाग सेवनियातल्या या मराठी घराचा पत्ता दिला होता. घरमालक काय काय विचारतात याची तयारी मी करून गेले होते. लग्न ठरलंय का, मांसाहार करता का, पाहुणे किती येतात. केसांचं उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतं. पावसाळ्यात थोडे गळतात, असं मी खरं ते सांगितलं. गळक्या नळाकडे पाहावं तसं काकांनी माझ्या वेणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वर राहाल तोपर्यंत हरकत नाही. खाली याल तेव्हा अंबाडा बांधून येत जा, बेटा. आमच्याकडे पोटात केस जाण्याचा धोका असतो."

कुणाच्या पोटात, हे मी विचारायच्या आत दिवाणाखालून एक पांढरा ढीग बाहेर आला. फाटलेल्या उशीतला कापूस आपणहून चालायला लागावा तसा. ढिगाला पुढच्या बाजूला एक नाक होतं आणि ते सारखं हलत होतं. डोळे कुठे आहेत हे कळायला मला जरा वेळ लागला.

ती शेवरी. अंगोरा जातीचा ससा, मादी. केस बोटभर लांब, आणि इतके मऊ की हात लावला तर हात लागलाय हेच कळू नये. शेवरीच्या कापसावरून काकूंनी तिचं नाव ठेवलं होतं. गल्लीतली हिंदी बोलणारी मंडळी तिला 'सेवरी जी' म्हणत, कारण काका तिच्याबद्दल बोलताना कधी एकेरीत बोलत नसत. "आज त्यांनी दूर्वा खाल्ली नाही," असं ते फाटकात उभं राहून सांगायला लागले की नवा माणूस घरात कुणी सासूबाई आजारी आहेत असं समजून हळहळायचा.

काका पिपलानीच्या मोठ्या कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजल्या. ड्रॉइंगवर लिहिलंय तेवढीच ती आहे का, आणि नसेल तर किती नाही, एवढंच त्यांचं काम. ते काम त्यांच्या हाडात गेलं होतं. निवृत्तीच्या समारंभात मित्रांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी ते चार दिवस मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, रोज ते चाळीस सेकंद मागे पडतं अशी चिठ्ठी लिहिली, आणि चिठ्ठीसकट घड्याळ मित्रांना परत नेऊन दिलं. यात कुणाला वाईट वाटण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मित्रांनाही ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी हसत हसत घड्याळ बदलून आणलं.

त्यानंतरचं वर्ष काकूंना मात्र जड गेलं. घरात बसलेल्या काकांना मोजायला काही नव्हतं. एक दिवस त्यांनी व्हर्नियर कॅलिपर काढला, म्हणजे जबड्यात वस्तू धरून मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजायचं पोलादी साधन, आणि पोळीची जाडी कडेला किती नि मध्ये किती हे मोजायला सुरुवात केली. काकू पुण्याच्या. त्यांनी आवाज न चढवता लाटणं काकांच्या हातात दिलं आणि त्या बाहेर जाऊन बसल्या. त्या दिवशी दोघांनी भात खाल्ला.

शेवरी आली ती या वर्षात. तेव्हा वरच्या खोल्यांत राहणाऱ्या एका कुटुंबाने मुलीच्या वाढदिवसाला तो ससा आणला होता. नव्या नवलाईचे दिवस सरले, केस विंचरायचे राहून गेले, आणि त्यांची बदली झाली तेव्हा पिंजऱ्यात बसलेला प्राणी ससा नव्हता, नुसती एक जट होती. पोटाखाली, काखेत, शेपटीजवळ केसांचे गठ्ठे झाले होते आणि एकेक पाय उचलताना कातडी ओढली जात होती. दोन दिवस ठेवून घ्या, कुणीतरी न्यायला येईल, असं सांगून ते लोक गेले. न्यायला कुणी आलं नाही.

काकांनी तोपर्यंत कुठल्याही जनावराला हात लावलेला नव्हता. काकू सांगायच्या, की पहिला दिवस ते नुसते पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी चष्म्यावर भिंग लावून एक गठ्ठा सोडवायला घेतला. जट ओढायची नाही, हे त्यांचं त्यांनाच समजलं. मुळाशी दोन बोटांनी केस दाबून धरायचे, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही, आणि टोकाकडून एकेक केस मोकळा करत आत यायचं. थोडी कॉर्नफ्लॉवरची पूड भुरभुरली की केस सुटायला मदत होते. एका बैठकीला एकच गठ्ठा. ससा कंटाळला की काम बंद. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी शेवरी खोलीभर धावली आणि मधेच हवेत उडी मारून वळली. काका घाबरून काकूंना हाक मारायला गेले, की यांना झटका आला. आनंद झाला की ससे असं करतात, हे त्यांना नंतर कळलं.

"ससा आला आणि माझ्या पोळ्या सुटल्या," असं काकू म्हणायच्या. आणि त्याच्या मागोमाग हेही म्हणायच्या, की तीस वर्षांत माझी वेणी कुठल्या खांद्यावर असते ते या माणसाने पाहिलं नाही, आणि आता बघा.

मी राहायला गेले तोपर्यंत सगळं शिस्तीत बसलं होतं. दिवसाआड सकाळी काका व्हरांड्यात मांडी घालून बसत, मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर शेवरी. आधी तोंडाने फुंकर घालून केस बाजूला करायचे आणि कातडी पाहायची. कोंडा नाही ना, लाल नाही ना. मग रुंद दातांचा कंगवा, मग बारीक दातांचा. मग नखं, कान, पुढचे दात. शेवटी तिला उताणं न करता, मागचा भाग हातावर तोलून शेपटीखाली नजर. पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा, कारण तिथे घाण राहिली तर माशी अंडी घालते आणि एका दिवसात जीवावर बेततं. कान धरून उचलणाऱ्या माणसाला ते घरातून घालवून देत. त्यांच्या सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी असंच एकदा घालवलं होतं.

आणि रोज सकाळी लेंड्यांची मोजणी. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहाचा कप हातात तसाच राहिला. कोपऱ्यातल्या ट्रेमधून काका दहा लेंड्या निवडत, कॅलिपरमध्ये एकेक धरून आकार वहीत लिहीत. नऊ ते दहा मिलिमीटर म्हणजे सगळं ठीक. सातच्या खाली गेली तर खाणं कमी झालंय. दोन लेंड्या केसाने एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, की पोटात केस जाताहेत, म्हणजे विंचरणं वाढवा आणि गवत वाढवा. ससा मांजरासारखा केस ओकून टाकू शकत नाही. गिळलेला केस पुढेच जायला हवा आणि त्याला पुढे ढकलतं ते गवत. हे सगळं त्यांनी मला इतक्या गंभीरपणे समजावलं की मी चहा ठेवून दिला आणि नीट ऐकलं. प्रयोगशाळेत मी दिवसभर तेच करत होते, फरक एवढाच की माझ्यासमोर माती असायची.

गवतासाठी ते स्कूटरवरून थेट करोंदच्या पलीकडे जात. तिथे एक गोठेवाला सुकं गवत ठेवायचा. एका रविवारी मीही मागे बसून गेले. काकांनी पहिली पेंढी नाकाशी धरली आणि खाली ठेवली, दुसरी झटकली आणि खाली ठेवली, तिसरीतल्या काड्या उन्हात धरून पाहिल्या. धूळ आहे, त्यांना शिंका येतात, असं हिंदीत सांगितलं. गोठेवाला म्हातारा शांतपणे म्हणाला, "बाबूजी, मेरी भैंसों ने तो आज तक शिकायत नहीं की." काकांनी त्यावर खरोखर विचार केला, आणि म्हशीचं नाक आणि सशाचं नाक यांतला फरक त्याला पंधरा मिनिटं समजावला. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं, आतून दुसरी पेंढी काढून आणली, आणि पुढच्या खेपेपासून काकांची पेंढी वेगळी ठेवायला लागला.

काकांचं मराठी उज्जैनचं, त्यात हिंदीची भेसळ. काकू ती दुरुस्त करत. ते म्हणत, त्या परेशान होऊन गेल्या. काकू आतून म्हणत, कंटाळल्या. ते म्हणत, गलती माझी आहे. काकू म्हणत, चूक. तीस वर्षं हे चाललं होतं आणि दोघांपैकी कुणीही माघार घेतली नव्हती. पण त्यांचं एक वाक्य मात्र काकू कधी दुरुस्त करत नसत. कुठेही काही बिघडलं, कुणी काही फोडलं, दूध उतू गेलं, की काका म्हणत, "आधी कारण शोधा, माणूस नंतर." कारखान्यात त्यांनी हेच केलं होतं म्हणे. एखादा नग चुकला की सगळे विचारत, कुणी केला. काका विचारत, का झाला.

या वाक्याची खरी किंमत मला एका डिसेंबरात कळली.

काकूंच्या भाचीचं उज्जैनला लग्न होतं. दोन दिवसांचा प्रश्न होता. काकांनी जायचं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली आणि शेवटी शेवरीला माझ्यावर सोपवून जायचं ठरलं. त्यांनी मला दोन पानी सूचनापत्रक लिहून दिलं. गवत किती, पाणी कुठे, मेथी किती काड्या, गाजर नखाएवढंच, वायरी सगळ्या वर बांधलेल्या आहेत तरी पाहणे. सत्तावीस मुद्दे. जाताना रिक्षात बसून त्यांनी मुद्दा अठरावा पुन्हा वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी खाली त्यांच्याच दिवाणखान्यात कोवळ्या उन्हात बसून केसांना खोबरेल लावत होते. भोपाळच्या थंडीत ते गोठतं म्हणून वाटीत कोमट करून घेतलं होतं. दारात कुणीतरी आलं, मी वाटी खाली फरशीवर ठेवून उठले. परत आले तेव्हा शेवरी वाटीत बसली होती. म्हणजे पुढचे दोन पाय वाटीत, आणि पोटाखालचे सगळे केस तेलाने चिकटून काळपट झालेले. मी दचकून पुढे झाले तशी ती पळाली आणि दिवाणाखालची धूळही तिने अंगाला लावून घेतली.

मला एकच सुचलं. मी बादलीत कोमट पाणी घेतलं, माझा शाम्पू घेतला आणि तिला आंघोळ घातली.

तिने आधी इतक्या जोराने पाय झाडले की माझ्या मनगटावर ओरखडे उठले. मग ती एकदम गप्प झाली. शांत झाली असं मला वाटलं. पाण्यातून बाहेर काढली तेव्हा तो सगळा ढीग नाहीसा झाला होता आणि हातात उंदरापेक्षा जरा मोठं, थरथरणारं काहीतरी होतं. मी टॉवेलने पुसलं. जितकं पुसावं तितके केस एकमेकांत गुंतत गेले आणि लोकर दाबून नमदा करावा तसे घट्ट झाले. आत कातडीपर्यंत ओल तशीच. तासाभराने ती कोपऱ्यात पाठीला कुबड काढून बसली. मेथी समोर धरली तर मान वळवली. गवताकडे पाहिलंही नाही. तिचं ते सतत हलणारं नाक थांबलं होतं.

मी काकांना फोन लावला. मागे सनई ऐकू येत होती. काय झालं ते मी रडत रडत सांगितलं. आंघोळ हा शब्द ऐकताच काका सनईपासून दूर गेले. मग त्यांनी विचारलं, "कान गार आहेत?" मी हात लावून सांगितलं, हो, खूप. मग ते एकामागून एक सांगत गेले. कोरड्या सुती कपड्यात गुंडाळा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये बांधून शेजारी ठेवा, अंगावर नको. केस चोळू नका, दाबून ओल टिपा. शेवटची लेंडी कधी पडली ते आठवा. मला आठवत नव्हतं. ते म्हणाले, "घाबरू नका. आम्ही निघालो."

मुहूर्ताला दीड तास उरला होता. काकू भाचीच्या डोक्यावर अक्षता न टाकता उठल्या आणि काकांबरोबर टॅक्सीत बसल्या. दुपारी ते घरी पोचले तेव्हा काका सिल्कच्या झब्ब्यात होते आणि काकूंच्या अंगावर पैठणी होती. काकांनी शेवरीला उचललं, झब्ब्याच्या आत छातीशी धरलं आणि त्याच टॅक्सीने आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

जनावरांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकलं. भीतीने आणि गारठ्याने आतडी थांबली आहेत, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. ससा बारा तास खाल्ल्यावाचून राहिला तर त्याचं पोट बंद पडत जातं आणि मग तो वाचणं अवघड. कातडीखाली सलाईन दिलं, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, आणि पातळ खाणं सुईशिवायच्या पिचकारीने थोडं थोडं तोंडात सोडायला सांगितलं. लेंडी पडली की मला फोन करा, त्या म्हणाल्या.

संध्याकाळी काकांनी मला सांगितलं, की तुम्ही वर जाऊन झोपा, उद्या ऑफिस आहे. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलेच नाही. वर बसून खालचे आवाज ऐकत राहिले. अकराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. काका दारात उभे होते. त्यांच्या हातात कॅलिपर होता आणि कॅलिपरच्या जबड्यात एक लेंडी.

"पाच पूर्णांक दोन," ते म्हणाले. "बारीक आहे. पण आली."

मी जमिनीवर बसून रडले. ते दारातच उभे राहिले. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्यांना कधी कळलं नसावं. थोड्या वेळाने म्हणाले, डॉक्टरीणबाईंना फोन करायचाय, आणि खाली गेले.

आठवड्याभराने त्यांनी मला एक कागद दिला. कारखान्यात लिहीत तसा अहवाल होता. घटना, वेळ, परिणाम. त्याखाली कारणे. पहिलं कारण, सूचनापत्रकात 'आंघोळ घालू नये, तेल अथवा घाण लागल्यास कोरडी पूड वापरणे' हा मुद्दा नाही, जबाबदारी सूचना लिहिणाऱ्याची. मी म्हणाले, काका, असं लिहू नका, चूक माझी आहे. ते म्हणाले, "तुमची पण आहे. खाली बघून घ्या, दुसऱ्या नंबरवर लिहिलीय." खरंच लिहिली होती. तेलाची वाटी सशाच्या उंचीवर ठेवणे. मला त्या दुसऱ्या नंबराने जेवढं हलकं वाटलं तेवढं कुणाच्या समजुतीच्या शब्दांनी वाटलं नसतं. त्यांनी मला माफ केलं नव्हतं आणि दोषही दिला नव्हता. जे माझं होतं तेवढंच माझ्या नावावर मांडलं होतं.

काकू मात्र माणूस होत्या. त्यांनी आठ दिवस नेहमीसारखी वर कढी पाठवली नाही. भाचीच्या लग्नाचे फोटो आले तेव्हा त्यांनी ते मला दाखवले, एकेक करून, सगळे. नवव्या दिवशी कढी आली.

शेवरीच्या अंगावरचा नमदा कापावाच लागला. काकांनी तो चार दिवस थोडा थोडा कापला. ऐन थंडीत ती अर्धी बोडकी झाली, म्हणून काकूंनी जुन्या स्वेटरच्या बाहीतून तिच्यासाठी बंडी शिवली. काकांनी बंडी तपासली, शिवणीचे धागे ओढून पाहिले, त्या चावतील आणि धागा पोटात जाईल असं सांगून नापास केली. काकूंनी ती बंडी मग चहाच्या किटलीला घातली. शेवरीला दिवाणाखाली गवताने भरलेलं खोकं मिळालं, आणि सूचनापत्रकात मुद्दा अठ्ठाविसावा.

शेवरी त्यानंतर पुष्कळ जगली. सशाच्या मानाने म्हातारी होऊन, हिवाळ्यातल्या एका दुपारी, व्हरांड्यातल्या उन्हात झोपेतच गेली. माझी तोवर नागपूरला बदली झाली होती. काकांनी फोन करून सांगितलं आणि शेवटच्या दिवशीही लेंड्या नऊ मिलिमीटर होत्या हेही सांगितलं. पण मला सांगायचंय ते त्याच्या दोन वर्षं आधीचं.

दर तीन महिन्यांनी काका तिचे केस कापत. उन्हाळ्यापूर्वीची कापणी सगळ्यांत महत्त्वाची. भोपाळचा उन्हाळा माणसांना सोसत नाही, तर अंगावर रजई घेऊन बसलेल्या सशाला कसा सोसणार. मार्च संपत आला की ती कात्री निघायचीच. त्या वर्षी एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला तरी शेवरी तशीच होती. काका तिला गार फरशीवर बसवत, बाटल्यांत बर्फ करून मोज्यात घालून शेजारी ठेवत, ओल्या हाताने कान पुसत. कापणीचं विचारलं की म्हणत, बघू. गेल्या काही महिन्यांपासून ते खांद्यावरची शाल मांडीवर घेऊन बसायला लागले होते, तीही एप्रिलात, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी त्याचा अर्थ लावला नव्हता.

तो काकूंनी सांगितला. काकांचा उजवा हात थरथरायला लागला होता आणि तो ते शालीखाली झाकत होते. सही वेडीवाकडी येत होती, चहा बशीत सांडत होता. डॉक्टर म्हणाले होते, वयाचं आहे, जीवाला धोका नाही. कुत्र्यांचे केस कापणाऱ्या एका दुकानात काका शेवरीला घेऊन गेले होते. तिथल्या माणसाने तिला मानेला धरून उचललं आणि काका तसेच परत आले. काकू म्हणाल्या, तू काही बोलू नकोस, त्यांना आवडणार नाही.

मी बोलले नाही. दोन दिवसांनी दुपारी शेवरी तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. ससा तोंडाने श्वास घेत नाही, घेतो तेव्हा त्याला उष्मा सोसेनासा झालेला असतो. गार फरशी, ओले कान, कूलर, असं करून तासाभरात ती सावरली. संध्याकाळी काकांनी मला खाली बोलावलं. टेबलावर आलेखाचा कागद होता. त्यावर त्यांनी पेन्सिल टेकवून सरळ रेष काढायचा प्रयत्न केला होता, दहा वेळा, आणि प्रत्येक रेष किती मिलिमीटर हलली ते शेजारी लिहिलं होतं. कागदाच्या खाली लाल शाईत एक शब्द होता.

"माझा हात रिजेक्ट झालाय, बेटा," ते म्हणाले. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी दुरुस्ती केली नाही. "सशाची कातडी कागदाहून पातळ असते. दोन मिलिमीटरची गलती चालत नाही. कापणी तुम्ही करायची."

मी म्हणाले, काका, माझ्या हातून एकदा काय झालंय ते विसरलात का? ते म्हणाले, विसरलो नाही, म्हणूनच तुम्ही. त्या किती नाजूक आहेत हे इथे तुमच्याइतकं कुणाला मालूम आहे?

पण लगेच शेवरीला हात लावू देतील तर ते काका कसले. त्यांनी फुगे आणले. फुगवलेल्या फुग्यावर डिंकाने कापूस चिकटवला आणि फुगा न फोडता कापूस कापायला सांगितलं. कंगवा फुग्याला टेकवायचा, कापूस कंगव्याच्या दातांतून वर येईल, मग कंगव्याच्या वरून कात्री, म्हणजे पातं आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा राहतो. पहिले सहा फुगे फुटले. सातवा कापून झाल्यावर, खाली ठेवताना, फुटला. काकांनी तो हिशेबात धरला नाही. लागोपाठ तीन फुगे शाबूत राहिल्यावर त्यांनी मान हलवली.

रविवारी सकाळी व्हरांड्यात टॉवेल अंथरला. काका मांडी घालून बसले आणि त्यांनी शेवरीला मांडीवर घेतलं. एक हात तिच्या छातीखाली, दुसरा पाठीवर. मी समोर बसले. कंगवा टेकवला आणि कात्री उचलली. पहिली बट पडली. मग दुसरी. काका हळू आवाजात सांगत होते, इथे पाठीचा कणा आहे, दाब कमी. इथे काखेत कातडीची घडी असते, आधी बोटाने सरळ करून घ्या. पोटाशी आल्यावर ते म्हणाले, मादीला इथे स्तनाग्रं असतात, केसांत दिसत नाहीत, आधी बोटाने चाचपा, मगच कापा. अर्धा तास झाला की थांबायचो. शेवरी गवत खायची, काकू आम्हाला पन्हं द्यायच्या, आणि पुन्हा बसायचो.

तिसऱ्या बैठकीत कधीतरी माझं लक्ष काकांच्या हातांकडे गेलं. ते थरथरत नव्हते. शेवरीच्या अंगावर टेकलेले असेपर्यंत दोन्ही हात दगडासारखे स्थिर होते. मी वर पाहिलं. काकांच्याही ते लक्षात आलं होतं. मी पुढची बट धरली.

दुपारी जेवणाआधी काम संपलं. टॉवेलवर शेवरीपेक्षा मोठा ढीग झाला होता आणि शेवरी अर्ध्याहून लहान, मोठ्या कानांची, जरा चमत्कारिक दिसत होती. काकांनी चष्म्यावर भिंग लावलं आणि तिला पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. इतका वेळ लावला की काकू आतून दोनदा जेवायला हाक मारून गेल्या. शेवटी ते म्हणाले, डाव्या कानामागे एक पायरी पडलीय. मी म्हणाले, दिसतेय. त्यांनी पुन्हा एकदा भिंग फिरवलं.

"कातडीला कुठे लागलेलं नाही," ते म्हणाले. आणि मग, "जुलैत पुन्हा."

त्यांनी तिला खाली सोडलं. शेवरी दोन उड्या मारून गार फरशीवर गेली, क्षणभर थांबली, आणि धपकन कुशीवर पडून पाय ताणून मोकळी झाली. काका खुर्चीत बसले. त्यांचे हात रिकामे झाले होते आणि उजवा हात गुडघ्यावर पुन्हा हलायला लागला होता. शाल शेजारीच खुर्चीच्या पाठीवर होती. मी पाहत होते, काकूही दारातून पाहत होत्या. काकांनी शालीकडे हात नेला, ती घडी करून बाजूला ठेवली, आणि मला म्हणाले, चला, जेवून घ्या, वरण गार होतंय.